रवांडाचा नरसंहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल महिना आला की रवांडाचं नाव बातम्यांत येतं आणि त्यामागोमाग ठरावीक प्रश्नही येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा कानावर पडतात ते इथे एकत्र घेतले आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत आटोपतात, काहींना बराच वेळ द्यावा लागतो.

नेमकं काय घडलं होतं?

६ एप्रिल १९९४ च्या रात्री आफ्रिकेतल्या रवांडाचे राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीत उतरत असताना क्षेपणास्त्र मारून पाडलं गेलं. शेजारच्या बुरुंडीचे राष्ट्राध्यक्षही त्याच विमानात होते. दोघेही ठार झाले. त्याच रात्री किगालीत रस्त्यारस्त्यावर नाकी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना यांना मारण्यात आलं. त्या स्वतः बहुसंख्य हुतू समाजातल्या होत्या, पण तुत्सी बंडखोरांशी सत्ता वाटून घेण्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या रक्षणाला पाठवलेल्या, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही पकडून ठार केलं गेलं. मग जुलैच्या मध्यापर्यंत, साधारण शंभर दिवस, हुतू जहालांच्या सांगण्यावरून देशभर अल्पसंख्य तुत्सींना वेचून मारलं गेलं.

बळींचा आकडा संयुक्त राष्ट्रसंघ ८ लाख सांगतो, रवांडा सरकार १० लाखांहून अधिक, तर काही अभ्यासक ५ ते ६ लाख. आकडा कुठलाही धरा, देशात राहणाऱ्या दर चार तुत्सींपैकी साधारण तीन मारले गेले. हत्येला विरोध करणारे हजारो हुतूही त्यांच्यासोबत गेले.

हुतू आणि तुत्सी म्हणजे एकमेकींच्या वैरी असलेल्या दोन जमाती ना?

नाही. हा समज सगळ्यात चिवट आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दोघांची भाषा एक, किन्यारवांडा. राहायचे त्याच टेकड्यांवर, शेजारी शेजारी. कुळं सामाईक होती, म्हणजे एकाच कुळात हुतू, तुत्सी आणि त्वा असे तिन्ही सापडायचे. आपसांत लग्नं होत. ढोबळमानाने ज्यांच्याकडे गुरं ते तुत्सी आणि शेती कसणारे ते हुतू. त्वा हा अगदी छोटा समाज, कुंभारकाम आणि जंगलावर जगणारा. नव्वदच्या सुमारास हुतू साधारण ८५ टक्के, तुत्सी १४ आणि त्वा १ टक्का असं प्रमाण सांगितलं जाई. गुरं वाढली की हुतू घराणं हळूहळू तुत्सी गणलं जाई, उलटही होई. हे फार वेळा घडत नसे, पण वाट बंद नव्हती.

मात्र युरोपीय येण्याआधी सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, ही गोष्टही खरी मानू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा र्वाबुगिरीने राज्य वाढवलं आणि त्याच काळात ‘उबुरेत्वा’ ही वेठबिगार पसरली. ती फक्त हुतू शेतकऱ्यांवर लादली जाई. दरी होतीच. पुढे परक्या सरकारने तिच्यावर कागदाची मोहोर उठवली.

मग दोष बेल्जियमचा की रवांडाच्या लोकांचा?

दोघांचा, पण वेगवेगळ्या गोष्टींचा.

१८६३ मध्ये जॉन हॅनिंग स्पीक या इंग्रज प्रवाशाने एक तर्क मांडला की या भागातले राज्यकर्ते उत्तरेकडून आलेल्या, गोऱ्यांना जवळच्या अशा वंशाचे असावेत. पुरावा काही नव्हता, पण आधी इथे राज्य करणाऱ्या जर्मनांना आणि १९१६ पासून त्यांच्या जागी आलेल्या बेल्जियनांना हा तर्क फार सोयीचा वाटला. उंच, सरळ नाकाचे ते तुत्सी, राज्य करायला जन्मलेले, असं धरून कारभार चालला. जे थोडे हुतू प्रमुख होते त्यांना काढलं गेलं. ऐकत नाही म्हणून १९३१ मध्ये राजा मुसिंगाला गादीवरून उतरवून त्याच्या मुलाला बसवलं. चर्चच्या चांगल्या शाळांत मुख्यतः तुत्सी प्रमुखांची मुलं. आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती ओळखपत्र आलं. त्यावर लिहिलेलं असे: हुतू, तुत्सी किंवा त्वा. मुलाची नोंद बापाची. आता गुरं कितीही वाढोत, कार्डावरचा शब्द बदलणार नव्हता.

मग १९५० च्या दशकात तुत्सी पुढारी स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले आणि बेल्जियम व मिशनऱ्यांनी चक्क बाजू बदलली. १९५७ च्या ‘बाहुतू जाहीरनाम्या’त हुतू सुशिक्षितांनी आपल्यावरच्या अन्यायाचा हिशेब मांडला. त्यात बरंच तथ्य होतं. पण त्याच जाहीरनाम्याने ओळखपत्रावरून वंशाचा उल्लेख काढायला विरोध केला! ज्या नोंदीने त्यांना खाली दाबलं होतं ती त्यांना आता बहुसंख्या मोजायला हवी होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये हिंसा उसळली, तेव्हा कर्नल गी लोजिए या बेल्जियन अधिकाऱ्याने तुत्सी प्रमुख काढून त्यांच्या जागी हुतू बसवले. १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला तोवर लाखाहून अधिक तुत्सी परागंदा झाले होते.

कार्ड बेल्जियनांनी दिलं. पण स्वतंत्र रवांडाने ते पुढे बत्तीस वर्षं वापरलं, आणि तो निर्णय ब्रुसेल्समध्ये झालेला नव्हता.

हे आपल्याकडच्या जातीसारखं आहे का?

मराठी वाचकांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. सरकारी नोंदीने माणसाची ओळख पक्की होणं, या एका बाबतीत साम्य आहे. एरवी तुलना फार ताणू नये. रवांडात हुतू-तुत्सींमध्ये रोटीबेटीची बंदी नव्हती, शेकडो पोटजाती नव्हत्या, धर्मग्रंथांचा आधारही नव्हता. तिथे गट जवळपास दोनच होते, त्यामुळे ‘ते किंवा आपण’ असं राजकारण करणं फार सोपं गेलं.

स्वातंत्र्य आणि १९९४ यांच्यामध्ये तीस वर्षं गेली. तेव्हा काय चालू होतं?

पहिले राष्ट्राध्यक्ष ग्रेगुआर कायिबांडा यांच्या काळात, डिसेंबर १९६३ मध्ये, परागंदा तुत्सींच्या सशस्त्र टोळ्यांनी बुरुंडीतून हल्ला केला. तो मोडून काढल्यावर सूड उगवला गेला तो देशातल्या निरपराध तुत्सींवर, हजारो मेले. ही रीत पुढे कायम राहिली. बाहेरच्यांनी काही केलं की आतल्यांनी भोगायचं, आणि मारणाऱ्याला शिक्षा नाही.

१९७३ मध्ये सेनाप्रमुख हाब्यारिमाना यांनी सत्ता बळकावली. शाळा आणि नोकऱ्यांत तुत्सींना ठरावीक टक्क्यांपलीकडे जागा नसे. पण खरा मलिदा राष्ट्राध्यक्षांच्या वायव्य भागातल्या मंडळींना मिळे, आणि त्यांतही त्यांच्या पत्नीच्या माहेरच्या गोतावळ्याला. दक्षिणेतले हुतू यावर जळत. हे लक्षात ठेवायला हवं: राजवटीला धास्ती नुसती तुत्सींची नव्हती, हुतू विरोधकांचीही होती.

परदेशी मदत देणाऱ्यांचा मात्र रवांडा लाडका होता. शिस्तशीर प्रशासन, रस्ते, झाडं लावणं, आणि ‘उमुगांडा’ म्हणजे गावाने मिळून करायचं सक्तीचं श्रमदान. मग १९८९ मध्ये कॉफीचे जागतिक भाव कोसळले. परकीय चलनासाठी देश कॉफीवरच विसंबून होता. त्यापाठोपाठ चलनाचं अवमूल्यन झालं. जमीन आधीच तुकड्या-तुकड्यांची होती आणि बापाकडून पुरेशी जमीन न मिळालेल्या तरुणांना ना काम, ना लग्न.

१ ऑक्टोबर १९९० ला युगांडात वाढलेल्या तुत्सी निर्वासितांच्या रवांडन पेट्रियॉटिक फ्रंटने, म्हणजे आरपीएफने, सीमा ओलांडली. ‘देश भरलेला आहे, तुम्हाला जागा नाही’ असं सांगून ज्यांना परत घेतलं गेलं नव्हतं त्यांचीच ही मुलं. युद्ध सुरू झालं, उत्तरेतून लाखो हुतू विस्थापित झाले. दबावाखाली बहुपक्षीय राजकारण आलं आणि ४ ऑगस्ट १९९३ ला सरकार आणि आरपीएफ यांच्यात आरुशा शांतता करार झाला. त्यानुसार सरकार आणि सैन्य दोन्हींत आरपीएफला वाटा मिळणार होता. म्हणजे सत्तेतल्या अनेकांचं दुकान बंद. त्यात ऑक्टोबर १९९३ मध्ये बुरुंडीचे पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांची तिथल्या तुत्सी अधिकाऱ्यांनी हत्या केली. ‘बघा, तुत्सींवर विश्वास ठेवला की काय होतं’ असं म्हणायला रवांडातल्या जहालांना आयतं निमित्त सापडलं.

साध्या शेतकऱ्यांनी शेजाऱ्यांना कसं मारलं?

‘पिढ्यान्‌पिढ्यांचा द्वेष उफाळून आला’ हे उत्तर सोपं आहे, पण बुतारेची गोष्ट त्यात बसत नाही.

बुतारे हा दक्षिणेतला विद्यापीठाचा प्रांत, तुत्सींची वस्ती मोठी. तिथले प्रांताधिकारी जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना देशातले एकमेव तुत्सी प्रांताधिकारी होते. ७ एप्रिलनंतर जवळजवळ दोन आठवडे त्यांनी आपला प्रांत बराचसा शांत ठेवला. बाजूच्या भागांतून जीव वाचवायला लोक तिथे येत होते. मग राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतर सत्तेवर आलेल्या अंतरिम सरकारने त्यांना पदावरून काढलं. १९ एप्रिलला अंतरिम राष्ट्राध्यक्ष तेओदोर सिंदिकुब्वाबो बुतारेत आले आणि जाहीर भाषणात त्यांनी लोकांना ‘काम’ करत नसल्याबद्दल फटकारलं. काम म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या सगळ्यांना कळत होतं. त्यानंतर तिथे झालेली कत्तल देशातल्या सर्वांत भयंकर कत्तलींपैकी एक ठरली. प्रांताधिकाऱ्यांनाही मारण्यात आलं. द्वेष ५ एप्रिललाही तेवढाच होता आणि १८ एप्रिललाही. फरक पडला तो अधिकारी बदलल्यावर.

ताबा तालुक्याचे प्रमुख जाँ-पॉल अकायेसू यांचंही तेच. सुरुवातीला ते मारेकऱ्यांना अडवत होते. १८ एप्रिलच्या सुमारास अंतरिम सरकारबरोबर बैठक झाली आणि त्यानंतर त्यांनी लष्करी गणवेश चढवून स्वतःच हत्यांना वाट मोकळी केली.

प्रांत, तालुका, विभाग आणि शेवटी काही घरांचा गट, अशी सरकारची उतरंड थेट उंबऱ्यापर्यंत पोचलेली होती. कोण कुठे राहतो, कार्डावर काय लिहिलंय, कोणाच्या घरी कोण लपू शकेल, हे खालच्या माणसाला माहीत होतं. श्रमदानाला जसं बोलावणं यायचं तसंच आता येऊ लागलं, आणि शब्दही तेच वापरले गेले: झुडपं साफ करायची, काम करायचं. इंतेराहाम्वे ही सत्ताधारी पक्षाची तरुणांची फौज आणि सैन्य पुढे असे, गावकरी मागून. न जाणाऱ्याला दंड, मारहाण, कधी मृत्यू. जाणाऱ्याला मेलेल्याची गाय, पत्रे, शेत. आरपीएफ पुढे सरकत असल्याची भीती खरी होती, आणि तीच ‘शेजारची तुत्सी बाई आरपीएफची हस्तक’ अशी वळवली गेली. प्रत्यक्ष मारणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास असावी असा एक अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्य हुतू पुरुषांनी कोणाला मारलं नाही, हेही त्याच आकड्यातून निघतं.

चर्चमध्ये आसरा मिळेल हा जुना अनुभव होता, म्हणून लोक तिकडे धावले. न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये, किबुये: सगळीकडे चर्चच वधस्थळं झाली. न्यांगेत तर पाद्री अतानाज सेरोंबा यांच्या संमतीने आत अडकलेल्या लोकांसकट चर्च बुलडोझरने पाडलं गेलं. रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना जन्मठेप दिली.

हे सगळं रेडिओने घडवलं, असं म्हणतात?

आरटीएलएम हे खासगी केंद्र १९९३ मध्ये सुरू झालं. चटपटीत गाणी, गप्पाटप्पा, आणि मध्येच तुत्सींना ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळं, म्हणणं. नरसंहार सुरू झाल्यावर नावं, पत्ते, गाड्यांचे नंबरसुद्धा हवेतून जाऊ लागले. त्याआधी ‘कांगुरा’ पाक्षिकाने डिसेंबर १९९० मध्ये तुत्सींशी संबंध तोडायला सांगणाऱ्या ‘हुतूंच्या दहा आज्ञा’ छापल्या होत्या. या माध्यमांमागच्या तिघांना २००३ मध्ये शिक्षा झाली. तरीही आरटीएलएमचं प्रसारण सगळीकडे नीट पोचत नव्हतं आणि हत्या सगळीकडे झाल्या. रेडिओने धार लावली, हुकूम मात्र माणसांच्या तोंडून खाली गेले.

विमान कोणी पाडलं?

वाद मिटलेला नाही. २००६ मध्ये एका फ्रेंच न्यायाधीशाने आरपीएफवर ठपका ठेवला. २०१२ मध्ये दुसऱ्या फ्रेंच चौकशीतल्या तज्ज्ञांनी क्षेपणास्त्र सरकारी सैन्याच्या कानोंबे तळाकडून सुटल्याचा निष्कर्ष काढला. २०१८ मध्ये तो खटला बंद झाला. उत्तर काहीही निघालं तरी शेतात पळणाऱ्या मुलांना का मारलं, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

जग काय करत होतं?

आपापली माणसं बाहेर काढत होतं.

शांतिसेनेचे कॅनडियन सेनानी रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ लाच न्यूयॉर्कला कळवलं होतं की किगालीत शस्त्रसाठे आहेत आणि तुत्सींच्या याद्या बनताहेत. छापे घालू नका, असं उत्तर आलं. दहा सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपली तुकडी मागे घेतली. किगालीतल्या एका तंत्रशाळेत बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर दोनेक हजार लोक जमले होते. ११ एप्रिलला सैनिक निघाले, बाहेर वाट पाहणारे मारेकरी आत शिरले.

२१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना साधारण अडीच हजारांवरून २७० वर आणायचं ठरवलं. त्या वेळी परिषदेच्या अस्थायी सदस्यांत खुद्द रवांडा होता, म्हणजे मारणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलावर बसलेला. सोमालियात काही महिन्यांपूर्वी अठरा सैनिक गमावलेली अमेरिका ‘नरसंहार’ हा शब्द उच्चारायचं टाळत राहिली, कारण उच्चारला तर काही करावं लागेल. क्लिंटन यांनी १९९८ मध्ये किगालीला येऊन खंत व्यक्त केली, विमानतळावरच.

फ्रान्सचं प्रकरण याहून गंभीर. १९९० पासून हाब्यारिमानांच्या सैन्याला प्रशिक्षण आणि शस्त्रं फ्रान्सची. जून १९९४ मध्ये फ्रेंच फौज ‘मानवतावादी’ मोहिमेवर आली. तिने काही जीव वाचवले, पण तिच्या आडोशाने अनेक गुन्हेगार झैरला, म्हणजे आजच्या काँगोत, निसटले. फ्रान्सच्याच इतिहासकारांच्या आयोगाने २०२१ मध्ये देशावर जड जबाबदारी टाकली. संगनमताचा पुरावा मात्र सापडला नाही, असंही म्हटलं.

मग थांबलं कसं?

आरपीएफने युद्ध जिंकलं म्हणून. पॉल कागामे यांच्या फौजेने ४ जुलैला किगाली घेतलं. त्याच फौजेनेही वाटेत आणि नंतर हजारो हुतू नागरिक मारले. एप्रिल १९९५ मध्ये किबेहोच्या छावणीत तर हे परदेशी सैनिकांच्या डोळ्यांदेखत घडलं. या हत्यांची दखल न्यायालयांत जवळपास घेतली गेली नाही. त्यावरून ‘नरसंहार दोन्हीकडून झाला’ असं बोलणारे निघतात. एका गटाचं नामोनिशाण पुसायची सरकारी मोहीम आणि युद्धातले सूडाचे गुन्हे एका पारड्यात बसत नाहीत. पण पहिल्याचं नाव पुढे करून दुसऱ्याची चौकशीच नाकारायची, हेही पटण्यासारखं नाही.

गुन्हेगारांना शिक्षा झाली का?

वरच्यांपैकी अनेकांना. टांझानियातल्या आरुशात बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले आणि साठहून अधिक जणांना शिक्षा दिल्या. अंतरिम पंतप्रधान जाँ कांबांदा यांनी गुन्हा कबूल केला. कुटुंब व महिला कल्याण मंत्री पोलीन न्यिरामासुहुको यांना बलात्कारांबद्दलही दोषी धरलं गेलं. नरसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेली ही पहिली स्त्री.

खालच्यांचा प्रश्न मोठा होता. तुरुंगात लाखाहून अधिक माणसं कोंबलेली आणि न्यायाधीश, वकील एक तर मारले गेलेले किंवा पळालेले. म्हणून गावातले तंटे गवतावर बसून मिटवायच्या जुन्या पद्धतीवरून ‘गचाचा’ न्यायालयं उभी केली गेली. सुमारे १२ हजार न्यायालयं, गावानेच निवडलेले पंच, वकील नाहीत. २०१२ मध्ये बंद झाली तोवर जवळपास २० लाख प्रकरणं निकाली निघाली होती. कबुली दिली, माफी मागितली की शिक्षा कमी आणि उरलेली सार्वजनिक कामात फेडायची.

यावर मत बनवणं सोपं नाही. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाला कुठे पुरलंय ते गचाचातच कळलं. खोट्या तक्रारी, जमिनीचे हेवेदावे, साक्षीदारांना धमक्या हेही तिथे घडलं. आरपीएफच्या गुन्ह्यांना तिथे जागा नव्हती. पण दुसरा कुठला मार्ग व्यवहारात शक्य होता, हे टीकाकारांनाही नीट सांगता आलेलं नाही.

बायकांच्या वाट्याला काय आलं?

बलात्कार हे हत्यार म्हणून वापरलं गेलं. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज अडीच ते पाच लाख स्त्रियांचा आहे. अनेकींना एचआयव्हीची लागण झाली, अनेकींनी त्यातून जन्मलेली मुलं वाढवली.

अकायेसू यांच्या खटल्यात सुरुवातीला बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्ष देताना एका बाईने न विचारता ते सांगितलं, मग आणखी काही बोलू लागल्या आणि आरोपपत्र बदलावं लागलं. त्या पीठावर एकमेव स्त्री न्यायाधीश होत्या भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी नवनीतम पिल्ले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं, हे पहिल्यांदा कायद्यात आलं.

नंतर बायकांची संख्या जास्त, घरं त्यांच्याच जिवावर. १९९९ मध्ये मुलींना वारसाहक्क मिळाला. आज संसदेच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, जगात सर्वाधिक. त्या संसदेला सत्तेपुढे किती बोलता येतं, हा वेगळा मुद्दा.

काँगोतल्या युद्धाशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. जुलै १९९४ मध्ये काही दिवसांत लाखो हुतू झैरमधल्या गोमाला पोचले. पटकीने हजारो मेले. छावण्यांचा ताबा पळून गेलेल्या सैन्याकडे आणि इंतेराहाम्वेकडे होता, धान्य मदतसंस्थांचं. तिथून रवांडावर हल्ले होत. १९९६ मध्ये रवांडाने झैरमध्ये फौज घातली, १९९७ मध्ये झैरचे हुकूमशहा मोबुतू यांची सत्ता गेली, १९९८ ते २००३ दुसरं मोठं युद्ध. पळणाऱ्या हुतू निर्वासितांच्या कत्तलींबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालाने म्हटलं की न्यायालयात सिद्ध झालं तर यातल्या काही कृत्यांना नरसंहार म्हणता येईल. रवांडाने तो साफ फेटाळला. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांनी गोमा घेतलं. त्यांना रवांडाचा पाठिंबा असल्याचं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारतो. त्या परिसरात शांतिसेनेच्या भारतीय तुकड्या अनेक वर्षं तैनात आहेत.

आज तिथे हुतू, तुत्सी असं म्हणतात का?

सार्वजनिक ठिकाणी नाही. ओळखपत्रावरून नोंद गेली, सगळे ‘रवांडन’. फूट पाडणं आणि ‘नरसंहाराची विचारसरणी’ पसरवणं हे गुन्हे आहेत. कायद्याची शब्दरचना इतकी सैल की विरोधकही त्यात सापडतात. हुतू बळींचीही आठवण ठेवा असं म्हटल्यावर विरोधी नेत्या व्हिक्त्वार इंगाबिरे यांना तुरुंगात जावं लागलं, ते जगाने पाहिलं. २०२४ मध्ये कागामे ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

दुसरीकडे रस्ते स्वच्छ आहेत, आरोग्यविमा गावोगाव पोचलाय आणि तिशीच्या आतल्या पिढीने कत्तल पाहिलेली नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळा देश श्रमदानाला जातो. त्याचं नाव आजही उमुगांडाच आहे. वरून हाक आली की खालपर्यंत सगळे उठतात, ही सवय अजून तशीच आहे. ती चांगल्या कामी लागतेय म्हणून निर्धास्त राहावं असं मला वाटत नाही.

भारताचा काही संबंध?

१९९४ मध्ये नगण्य. २०१८ मध्ये पंतप्रधान मोदींनी ‘गिरिंका’, म्हणजे गरीब घराला एक गाय, या योजनेसाठी २०० गायी दिल्या. त्या रवांडातूनच विकत घेतलेल्या होत्या.

स्मारकं बघायला जाता येतात का?

हो. किगालीतल्या गिसोझी स्मारकात सुमारे अडीच लाख लोकांचे अवशेष पुरलेले आहेत. सुरुवात तिथून करावी. न्यामाताचं चर्च गाडीने तासाभराच्या आत. मुरांबी आणि बिसेसेरो लांब पडतात, त्यांना वेगळा दिवस ठेवा. बिसेसेरोत तुत्सींनी दगड आणि भाले घेऊन कित्येक आठवडे प्रतिकार केला होता. ही चारही ठिकाणं २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. ७ एप्रिलपासूनचा आठवडा राष्ट्रीय शोकाचा असतो, करमणुकीची ठिकाणं बंद असतात; त्या दिवसांत नुसतं फिरायला जाणार असाल तर तारीख बदला. आणि गाडीचालकाला किंवा वाटाड्याला ‘तुम्ही हुतू की तुत्सी?’ असं विचारू नका.